एका आकड्याचा चार शाखांतून अभ्यास: आंतरविद्याशाखीय संशोधनाची आखणी आणि कार्यपद्धती

३० मे २०२४ रोजी, ऐन नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत), नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीत ५६ अंश सेल्सिअस तापमान उमटले. भारतातील अधिकृत उच्चांक १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे नोंदला गेलेल्या ५१ अंशांचा आहे आणि जागतिक उच्चांक १० जुलै १९१३ रोजी कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत नोंदल्या गेलेल्या ५६.७ अंशांचा, म्हणजे तो आकडा खरा असता, तर नागपूरने देशाचा उच्चांक पाच अंशांनी मोडून जगाच्या उच्चांकाला जवळजवळ हात लावला असता. बातमी देशभर पसरली. सेन्सरमधील बिघाडामुळे ती नोंद चुकीची आली, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले.

आंतरविद्याशाखीय संशोधन कसे करावे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांना उदाहरण म्हणून याहून चांगली घटना सापडणे अवघड आहे. मोजमाप का बिघडले हा अभियांत्रिकीचा प्रश्न आहे. बिघडलेला आकडा इतर आकड्यांतून वेगळा कसा काढायचा हा गणिताचा आणि संख्याशास्त्राचा. असा आकडा वाचताना शाळकरी मुलांना शंका येते का, हा शिक्षणशास्त्राचा. आणि मूळ बातमी व नंतरचा खुलासा यांना वृत्तपत्रांनी किती जागा दिली, हा माध्यम-अभ्यासाचा. या चारही शाखांना एकत्र आणणाऱ्या संशोधनाची पायरी-पायरीने आखणी कशी करावी, ते याच घटनेच्या आधारे पुढे मांडले आहे.

पहिली पायरी: प्रश्न फोडणे आणि प्रत्येक तुकड्याचा पुरावा ठरवणे

आंतरविद्याशाखीय प्रबंध बहुधा एकाच कारणाने कोसळतात: एका शाखेचा पुरावा दुसऱ्या शाखेच्या दाव्याखाली टेकू म्हणून लावलेला असतो. पन्नास वाचकांच्या प्रश्नावलीवरून ‘माध्यमांनी दिशाभूल केली’ असा निष्कर्ष काढला जातो, किंवा बातम्यांच्या मोजणीवरून ‘लोक घाबरले’ असे लिहिले जाते. पहिल्यात वाचकांचे मत मोजले आहे, बातमीतला मजकूर मोजलेला नाही. दुसऱ्यात नेमके उलट झाले आहे. म्हणून सामग्री गोळा करण्याआधी एका कागदावर चार रकाने आखावेत आणि प्रत्येक उपप्रश्नासमोर ‘काय दिसले तर मी हे विधान खरे मानीन, आणि काय दिसले तर मागे घेईन’ हे पूर्ण वाक्यात लिहावे.

अभियांत्रिकीत पुरावा म्हणजे पुन्हा करता येणारी चाचणी, तीही अनिश्चिततेच्या मर्यादेसह. शुद्ध गणितात सिद्धता लागते. हजार उदाहरणे जुळली तरी ती सिद्धता ठरत नाही. शिक्षणशास्त्रात नमुन्याची निवड आणि साधनाची विश्वसनीयता यांवर सारे अवलंबून असते, तर माध्यम-अभ्यासात वर्गीकरणाचे नियम इतके स्पष्ट हवेत की तिऱ्हाईत माणसाने तीच बातमी त्याच खान्यात टाकावी. हे चार निकष ज्याला एका बैठकीत लिहिता येत नाहीत, त्याचा प्रश्न अजून पिकलेला नाही. अशा वेळी मार्गदर्शकाकडे आराखडा नेण्यापेक्षा एक शाखा कमी करणे शहाणपणाचे. चार शाखांचे संशोधन एकट्याने करण्याचा हट्ट मला तरी फारसा पटत नाही. दोन शाखा स्वतःकडे ठेवाव्यात आणि उरलेल्या दोन शाखांसाठी सहकारी शोधावेत. नागपुरात ते फार कठीण नाही, कारण विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था, नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ ही सारी एकाच शहरात आहेत.

दुसरी पायरी: संदर्भशोध

प्रत्येक शाखेचे वाङ्मय वेगळ्या ठिकाणी साठवलेले असते, आणि फक्त गुगल स्कॉलरवर विसंबणारा संशोधक यातला मोठा भाग पाहतच नाही. अभियांत्रिकीसाठी आयईईई एक्स्प्लोअर हे ऑनलाइन लेख-भांडार पाहावे. तेथे परिषदांतील निबंधांनाही मोठे महत्त्व असते, ही गोष्ट मानव्यविद्येतून आलेल्यांनी ध्यानात ठेवावी. गणितासाठी झेडबीमॅथ ओपन ही सूची २०२१ पासून सर्वांना मोफत खुली आहे. तिच्यात विषयांचे सांकेतिक वर्गीकरण वापरले जाते: ६२ हा क्रमांक संख्याशास्त्राचा, ८६ भूभौतिकीचा आणि ९७ गणित-शिक्षणाचा. शब्दांनी शोधताना हाती न लागणारे लेख या क्रमांकांनी सापडतात. अप्रकाशित पण ताजे काम पाहायचे असेल, तर १९९१ पासून चालू असलेले अर्काइव्ह (arXiv) हे भांडार आहे. मात्र तेथील लेखांचे समीक्षण झालेले नसते, हे टिपणात लिहून ठेवावे. शिक्षणशास्त्रासाठी अमेरिकेच्या शिक्षण विभागाची एरिक ही सूची मोफत उपलब्ध आहे.

भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा या इन्फ्लिबनेटच्या (विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या) ऑनलाइन भांडाराला पर्याय नाही. तेथे मराठी शीर्षके कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत आणि तीही वेगवेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली असतात. त्यामुळे ‘वृत्तपत्र’ हा शब्द देवनागरीत शोधून काही मिळाले नाही, तर त्यावर काम झालेलेच नाही असे समजू नये. दोन-तीन रोमन रूपे, मार्गदर्शकाचे नाव आणि विभागाचे नाव अशा तिन्ही वाटांनी पाहावे.

सशुल्क नियतकालिकांच्या बाबतीत परिस्थिती बदलली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली होतात. आपल्या संस्थेचा त्यात समावेश आहे का आणि घरून प्रवेश कसा मिळतो, हे ग्रंथपालांना विचारण्यासाठी एक अर्धा दिवस खर्ची घातला, तर पुढचे कित्येक महिने वाचतात.

सापडलेला प्रत्येक लेख त्याच दिवशी झोटेरोसारख्या मोफत संदर्भ-व्यवस्थापकात टाकावा. एक चांगला लेख मिळाला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जावे आणि ‘याचा उल्लेख कोणी केला’ या सोयीतून पुढे यावे. कळीचे शब्द बदलून बदलून शोधण्यापेक्षा हा मार्ग बहुतेक वेळा जास्त देतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने एखादा संदर्भ सुचवला असेल, तर त्याचा डीओआय क्रमांक (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) उघडून लेख प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तो यादीत घेऊ नये, कारण ही साधने अस्तित्वात नसलेले लेखही लेखक, वर्ष आणि पृष्ठांकासह रचून देतात. लेख मागे घेतला गेलेला नाही, हेही पाहावे. रिट्रॅक्शन वॉचची अशा लेखांची सूची २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदणाऱ्या संस्थेमार्फत खुली आहे आणि झोटेरो त्याबद्दल आपणहून इशारा देते.

तिसरी पायरी: यंत्राची बाजू समजून घेणे

येथे माध्यम किंवा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने अभियंता होण्याची गरज नाही, पण मोजमाप कोणत्या साखळीतून येते ते त्याला सांगता आले पाहिजे. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हवेचे तापमान जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर, थेट ऊन लागणार नाही अशा हवेशीर आवरणात मोजायचे असते. डांबरी रस्त्यावर किंवा गच्चीवर ठेवलेल्या तापमापकाचा आकडा त्यामुळे वेगळ्याच गोष्टीचा असतो. मोटारीच्या डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्याची छायाचित्रे दर मे महिन्यात फिरतात, त्यांना संशोधनात जागा देऊ नये.

सेन्सरची चूक किती लहान बिघाडातून येऊ शकते, ते गणित करून पाहण्यासारखे आहे. समजा, केंद्रात प्लॅटिनमचा प्रचलित रोधक-तापमापक बसवला आहे, ज्याचा विद्युत रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि अंशामागे साधारण ०.३९ ओहमने वाढतो. ४४ अंशांना त्याचा रोध सुमारे ११७.१ ओहम येईल आणि ५६ अंशांना सुमारे १२१.७ ओहम. म्हणजे ४४ चे ५६ होण्यासाठी अवघ्या साडेचार ओहमचा जादा रोध पुरतो, आणि दोन तारांच्या जोडणीत गंजलेला जोड तेवढे काम सहज करू शकतो. हा दोष टाळण्यासाठीच तीन किंवा चार तारांची जोडणी वापरतात. नागपुरातल्या त्या केंद्रात हेच घडले असा याचा अर्थ नाही. असे उदाहरण प्रबंधात द्यायचे ते बिघाडाची शक्यता कोणत्या आकारमानाची असते हे दाखवण्यासाठी, आणि ते गृहीतक आहे हे त्याच वाक्यात नमूद करून.

चौथी पायरी: आकड्यांची छाननी

समजा, शहरातील चार केंद्रांच्या नोंदी ४४, ४४.५, ४५ आणि ५६ अंश अशा आहेत. यांचा मध्य (सरासरी) ४७.४ येतो, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) ४४.७५. एका बिघडलेल्या आकड्याने मध्याला जवळजवळ तीन अंश वर ओढले, मध्यकाला मात्र फारसे हलवता आले नाही. यासाठी उच्च गणित लागत नाही. राज्य मंडळाच्या शालेय सांख्यिकीत मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवलेले असतात. परंतु विसंगत आकडा दिसला म्हणून तो पुसून टाकणे हा गुन्हा समजावा. नोंद जशीच्या तशी ठेवावी, शेजारच्या रकान्यात ती वगळल्याची खूण आणि कारण लिहावे, आणि निष्कर्ष तिच्यासह व तिच्याविना असे दोन्ही प्रकारे द्यावेत. वगळण्याचा नियम आकडे पाहण्याआधी ठरवलेला असावा. तो ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-आराखडे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर तारखेसह आधीच नोंदवता येतो.

मात्र सांख्यिकी वापरली म्हणून ते गणितातील संशोधन ठरत नाही. गणित विभागाच्या समितीपुढे जायचे असेल, तर नवा निकष मांडून तो कोणत्या अटींवर टिकतो हे सिद्ध करावे लागेल. नाहीतर प्रबंधाच्या शीर्षकातून गणित हा शब्द काढावा, त्यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी: शाळांतील अभ्यास

विद्यार्थी बातमीतला आकडा कसा वाचतात, हे पाहण्यासाठी नववीच्या मुलांना दोन बातम्या द्याव्यात: एकीत फक्त ५६ अंशांचा मथळा, दुसरीत तोच मथळा आणि शेजारच्या केंद्रांच्या नोंदी. कोणत्या मुलाला कोणती बातमी मिळेल, ते चिठ्ठी टाकून ठरवावे. वर्गातल्या उजव्या ओळीला एक आणि डाव्या ओळीला दुसरी असे करू नये, कारण मुले हुशारीनुसार किंवा मैत्रीनुसार बसलेली असतात.

आता नमुन्याचा आकार. ‘४०० विद्यार्थी घेतले’ हे वाक्य बहुतेक प्रबंधांत अभिमानाने लिहिलेले असते, पण एका शाळेतील मुले एकमेकांसारखी असतात. तेच शिक्षक, तशीच घरे, तेच माध्यम. हे साम्य वर्गांतर्गत सहसंबंधाने (एकाच गटातील, येथे एकाच शाळेतील, मुले किती सारखी आहेत ते सांगणाऱ्या ० ते १ मधल्या आकड्याने) मोजतात. तो ०.२ धरला आणि १० शाळांतून प्रत्येकी ४० मुले घेतली, तर आराखडा-परिणामाचे (या साम्यामुळे नमुना किती पटींनी आकसतो त्याचे) सूत्र असे चालते: १ अधिक (४० वजा १) गुणिले ०.२, म्हणजे ८.८. शाळांच्या प्रकारांची तुलना करायची किंवा शहराचे सरासरी चित्र मांडायचे, तर ४०० भागिले ८.८, म्हणजे जेमतेम ४५ स्वतंत्र मुलांइतकीच माहिती हाती येते. तीच ४०० मुले ४० शाळांतून प्रत्येकी १० अशी घेतली, तर भाजक २.८ होतो आणि परिणामी नमुना सुमारे १४३ चा होतो. कागद तेवढेच, मुले तेवढीच. पायपीट मात्र चौपट. दोन बातम्यांची वाटणी प्रत्येक वर्गाच्या आत चिठ्ठीने केली असेल, तर त्या दोन गटांतील फरकाला हा फटका इतका बसत नाही. म्हणून कोणत्या निष्कर्षासाठी कोणता आकार पुरेसा आहे, हे वेगवेगळे लिहावे.

नागपुरात शाळा निवडताना मनपा, जिल्हा परिषद, खासगी अनुदानित आणि केंद्रीय मंडळाच्या शाळा हे स्तर तर हवेतच, शिवाय मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू ही माध्यमेही मोजावी लागतात. बातमीचा अनुवाद केल्यास तो दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत करून घ्यावा आणि दोन्ही पाठ ताडून पाहावेत. वेळापत्रकाबाबत एक स्थानिक अडचण आहे: उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्याआधी मुख्याध्यापकांना गाठण्यात अर्थ नसतो आणि प्रथम सत्र परीक्षा सुरू झाल्यावर कोणी वर्ग देत नाही. त्यामुळे क्षेत्रकार्यासाठी पावसाळ्याचे दोनच महिने हाती राहतात. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि पालकांचे संमतिपत्र ही कागदपत्रे एप्रिलमध्येच मार्गी लावावीत. मुलाला नको असेल, तर पालकांची सही असूनही त्याला बसवू नये. चाचणीची एक छोटी पूर्वतपासणी नमुन्याबाहेरच्या शाळेत करावी. ‘सेन्सर’ हा शब्द मुलांना कळतो का, यासारखी साधी गोष्ट तिथेच उघड होते.

सहावी पायरी: बातम्यांचे आशय-विश्लेषण

नागपूरला वृत्तपत्रांची परंपरा जुनी आहे. ‘हितवाद’ १९११ साली येथे सुरू झाले आणि ‘लोकमत’ दैनिक म्हणून १९७१ मध्ये. अभ्यासाची व्याप्ती ठरवताना केवळ वृत्तपत्राचे नाव पुरत नाही. शहर आवृत्ती आणि डाक आवृत्ती (बाहेरगावी पाठवायची, आधी छापलेली) यांची छपाईची वेळ वेगळी असते, म्हणून रात्री उशिरा आलेला खुलासा एकीत असतो आणि दुसरीत नसतो. ई-पेपर पाहिला असेल, तर तो कोणत्या आवृत्तीचा होता हे लिहावे. संकेतस्थळावरील मथळे दिवसभरात बदलतात. म्हणून पान पाहताक्षणी तारीख-वेळेसह जतन करावे आणि जुन्या पानांसाठी इंटरनेट अर्काइव्हचे वेबॅक मशीन वापरावे.

वर्षभराच्या दैनिकाचा नमुना घेताना ‘संरचित सप्ताह’ वापरतात, म्हणजे वर्षातील सर्व सोमवारांतून एक सोमवार, सर्व मंगळवारांतून एक मंगळवार याप्रमाणे. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन सप्ताह पुरतात, असे १९९३ च्या एका बहुचर्चित अभ्यासात दिसून आले. तापमानाच्या बातम्यांना मात्र हे जसेच्या तसे लावू नये, कारण त्या हंगामी आहेत. जानेवारीचे सोमवार घेऊन काय मिळणार? येथे मार्च ते जून हीच समष्टी (ज्यातून नमुना काढायचा तो पूर्ण संच) धरावी आणि एकाच घटनेचा अभ्यास असेल, तर घटनेनंतरच्या ठरावीक दिवसांचे सर्व अंक घ्यावेत.

त्यानंतर संकेत-पुस्तिका, म्हणजे बातमीतील काय कोणत्या रकान्यात नोंदवायचे याचे लेखी नियम. ‘बातमी सनसनाटी आहे का’ असा रकाना करू नये, त्यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. त्याऐवजी दिसणाऱ्या गोष्टी विचाराव्यात: आकड्याचा स्रोत दिला आहे का; केंद्राचे ठिकाण दिले आहे का; दुसऱ्या केंद्राची नोंद आहे का; आकड्याबद्दल शंका किंवा खुलासा आहे का; पान क्रमांक आणि स्तंभ-सेंटिमीटर किती. ‘उष्णतेची लाट’ असे बातमीत म्हटले असेल, तर हवामान खात्याचा सपाट प्रदेशासाठीचा निकष पूर्ण होतो का, ते वेगळे तपासावे: कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंश जास्त, अथवा थेट ४५ अंश किंवा त्याहून अधिक.

दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे संकेतन (या नियमांनुसार नोंदणी) करावे आणि नुसती टक्केवारी देऊन थांबू नये. समजा १०० बातम्यांपैकी ८५ मध्ये ‘खुलासा नाही’ असे दोघांनीही नोंदवले, ५ मध्ये ‘आहे’ असे दोघांनीही, ६ मध्ये फक्त पहिल्याने ‘आहे’ म्हटले आणि ४ मध्ये फक्त दुसऱ्याने. सहमती ९० टक्के, छान वाटते. पण पहिला एकूण ११ वेळा ‘आहे’ म्हणतो आणि दुसरा ९ वेळा; म्हणून निव्वळ योगायोगाने होणारी सहमती ०.११ गुणिले ०.०९ अधिक ०.८९ गुणिले ०.९१, म्हणजे सुमारे ०.८२ येते. योगायोग वजा करून खरी सहमती दाखवणारे माप, कोहेनचा काप्पा, म्हणजे (०.९० वजा ०.८२) भागिले (१ वजा ०.८२), अर्थात जवळपास ०.४५. बहुसंख्य बातम्यांत खुलासा नसल्यामुळे ९० टक्क्यांचा आकडा फुगला होता. असे झाल्यास पुस्तिकेतील व्याख्या सुधाराव्यात, वाद झालेल्या दहा बातम्या समोर ठेवून बोलावे आणि नव्या बातम्यांवर पुन्हा संकेतन करावे. त्याच दहा बातम्यांवर केलेले दुसरे संकेतन धरू नये. क्रिपेनडॉर्फचा अल्फा हे सहमतीचे दुसरे माप वापरत असाल, तर ०.८० हा सर्वमान्य उंबरठा आहे आणि ०.६६७ पर्यंतचे निष्कर्ष केवळ तात्पुरते मानले जातात.

सातवी पायरी: जोडणी, लेखन आणि प्रकाशन

चारही भागांचे निष्कर्ष एका तक्त्यात मांडावेत आणि दोन भागांना जोडणाऱ्या प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी. ‘खुलाशाविना छापलेल्या बातम्यांमुळे मुलांनी चुकीचा आकडा स्वीकारला’ या वाक्यात माध्यम-अभ्यासाचा आणि शाळेतील प्रयोगाचा पुरावा एकत्र येतो, पण त्या मुलांनी त्याच बातम्या वाचल्या होत्या असे कुठेही दाखवलेले नाही. असे वाक्य शक्यतेच्या भाषेत लिहावे किंवा काढावे.

सहलेखकांची नावे कोणत्या क्रमाने येतील, हे काम सुरू करतानाच लेखी ठरवावे. गणितात नावे बहुधा अकारविल्हे लावतात, अभियांत्रिकी आणि शिक्षणशास्त्रात योगदानाच्या क्रमाने. हे न ठरवता लेख तयार झाल्यावर चर्चेला बसलेले गट अनेकदा तिथेच मोडतात. अवतरणांची शैली नियतकालिकानुसार बदलते, त्याची चिंता झोटेरोवर सोडावी. विद्यापीठ अनुदान आयोगाची केअर यादी (मान्य नियतकालिकांची सूची) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली असल्याने, ‘आमचे नियतकालिक केअर यादीत आहे’ अशी जाहिरात करणाऱ्यांपासून आता दूरच राहावे. संपादक मंडळातील व्यक्ती आपल्या संस्थेच्या पानावर तो उल्लेख करतात का, समीक्षणाला किती काळ लागतो आणि शुल्क कधी मागितले जाते, या तीन गोष्टी पाहिल्या तरी बहुतेक फसव्या नियतकालिकांचा उलगडा होतो. आठ दिवसांत समीक्षण करून देण्याचे आश्वासन मिळाले, तर तिथेच थांबावे. आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएचडी प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढली आहे, तरी आपल्या विद्यापीठाचा सध्याचा अध्यादेश पाहून घ्यावा. साम्य-तपासणीत (वाङ्मयचौर्याच्या तपासणीत) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण एकच परिच्छेद उचललेला असेल, तर टक्केवारी कमी आहे हा बचाव ठरत नाही.

संकेतन-तक्ते, संकेत-पुस्तिका आणि मुलांची ओळख काढून टाकलेली उत्तरे झेनोडोसारख्या भांडारात ठेवून त्यांचा डीओआय घ्यावा. बातम्यांचा पूर्ण मजकूर मात्र तेथे चढवू नये, कारण त्याचे स्वामित्व वृत्तपत्राकडे असते. वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान आणि मथळा एवढी नोंद दिली की दुसऱ्या संशोधकाला ती बातमी शोधून आपले संकेतन तपासता येते.